हॉलिस टॅकेटच्या कमरेवरचं घड्याळ

हॉलिस टॅकेटला मिठी मारायची असेल तर डावीकडून मारायची, हे आमच्या बक फोर्क गावात सगळ्यांना ठाऊक आहे. उजवीकडे पिस्तूल असतं. खरं तर ते कधी उजवीकडे असायचं, कधी पुढे, कधी मागे, एका उन्हाळ्यात तर घोट्याला. पण मिठीची बाजू एकदा ठरली ती ठरली. पिस्तुलाच्या दर नव्या होल्स्टरला, म्हणजे म्यानाला, सगळ्या गावाने नव्याने मिठी शिकायची म्हटली तर चर्चचा कारभार चालायचा कसा?

हॉलिस माझा शेजारी. आमच्या अंगणांच्या मध्ये कुंपण नाही, त्याच्या टोमॅटोच्या ओळी आहेत, आणि त्या दरवर्षी माझ्या बाजूला थोड्या सरकतात. माणूस असा की खोलीत आधी पोट येतं आणि मग हॉलिस. त्या पोटावर पट्टा टिकत नाही म्हणून तो गॅलिस लावतो, म्हणजे खांद्यांवरून पँट तोलून धरणारे पट्टे, लालभडक. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली, डोंगरातल्या वळणांवरून, धुक्यातून, बर्फातून. अभिमान एकाच गोष्टीचा: बसमध्ये कधी कुणाला विसरला नाही. शेवटचा थांबा झाला की हा गडी इंजिन बंद करून पार मागच्या बाकापर्यंत चालत जायचा आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचा. "बस रिकामी वाटते म्हणजे रिकामी असते असं नाही, शेजारी," तो मला म्हणायचा. पोट एवढं नव्हतं तेव्हाची गोष्ट, वाकता यायचं.

पलीकडच्या कौंटीतल्या एका चर्चमध्ये भर प्रार्थनेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला, तेव्हापासून आमच्या चर्चचं राखण पथक आहे. पथकाचा मुख्य हॉलिस, कारण आलेला माणूस ओळखीचा की परका हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? अर्ध्या गावाला त्याने बसमधून शाळेत नेलंय. कोण खिडकीतून सफरचंदाचे तुकडे फेकायचा आणि कुणाला वळणावर उलटी व्हायची, हे त्याला अजून पाठ आहे. पथकातले सगळे उजव्या हाताचे, सगळ्यांची पिस्तुलं उजवीकडे, त्यामुळे दोघे भेटले की दोघेही डावी बाजू पुढे करतात आणि एक उत्तरेकडे, दुसरा दक्षिणेकडे तोंड करून एकमेकांचे खांदे थोपटत उभे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन बैल एकाच जुवाला उलटे जुंपलेत.

आता ही सगळी गंमत. पण हॉलिसच्या बाबतीत एक गोष्ट गंमतीची नव्हती, ती म्हणजे टिन्सली.

टिन्सली ही त्याची नात. पुढचा एक दात पडलेली, दुसरा हलता. तिची आई शॉना नॉक्सव्हिलच्या इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स आहे, नवरा केव्हाच निघून गेलेला. उन्हाळ्यात शाळा बंद झाली की टिन्सली आजी-आजोबांकडे, म्हणजे ममॉ आणि पपॉकडे. त्या उन्हाळ्यासाठी हॉलिस उरलेलं वर्ष नुसता ढकलतो. पहिल्यांदा तिला सोडायला आली तेव्हा शॉना त्यांच्या पडवीत उभी राहून जे बोलली, ते मी टोमॅटोच्या पलीकडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण आमच्याकडे टोमॅटो आवाज अडवत नाहीत.

"डॅडी, दोनच जागा. तुझ्या अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही. गाडीचा खण नाही, उशीखाली नाही, फ्रिजवर नाही. तिसऱ्या जागी एकदा जरी दिसलं, तर टिन्सली इथे राहणार नाही."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना. माझ्यासमोर रोज ज्यांची लेकरं आणतात, त्या सगळ्यांचासुद्धा स्वतःवर विश्वास होता."

त्या दिवसापासून हॉलिस जागा शोधायला लागला. अशी जागा की पिस्तूल अंगावर राहील, टोचणार नाही, दिसणार नाही, सुटणार नाही, आणि मांडीवर चढणाऱ्या नातीच्या हाताला लागणार नाही.

पिस्तूल बाळगणारी मंडळी स्वतःच्या कमरेकडे घड्याळ म्हणून बघतात. बेंबी म्हणजे बारा, पाठीचा कणा म्हणजे सहा, उजवी बाजू तीन. हॉलिसला स्वतःचे बारा दिसून कित्येक वर्षं झाली होती, तरी सुरुवात त्याने तिथूनच केली. उभा असला की ठीक. बसला की पोट खाली उतरून मुठीवर बसायचं आणि मूठ पोटात शिरायची. प्रार्थनेला मान खाली घातली की असा कण्हायचा की पाद्री ब्रदर एल्डनला वाटायचं, चला, याला आज खरा पश्चात्ताप झाला.

"नळीचं तोंड कुठे रोखलंय ते बघितलंस का?" त्याची बायको ओलीटा म्हणाली.

"आपल्याला मुलगी झालीये, ओलीटा. दुकान तसंही बंद आहे."

"दुकान बंद असलं म्हणून कुणी आग लावत नाही, हॉलिस."

मग सहाची पाळी. कण्याजवळ ठेवलं तर चर्चच्या लाकडी बाकावर दर वेळी ठक्क, आणि सगळ्यांच्या माना मागे. त्यात हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर पाठीवर पडला, तो कितीतरी दिवस खुर्चीत झोपला. मग घोटा. घोट्यावरून पिस्तूल काढायचं तर वाकायला हवं. ओलीटा म्हणाली, "चोराला सांग, जरा दम धर बाबा, बायकोला हाक मारतो, ती येऊन माझा पाय वर उचलून देईल." मग काखेतलं. त्यावर कोट लागतो, आणि भर जुलैत कोट घातलेला हॉलिस बघून चर्चमधल्या दोघींनी ओलीटाला विचारलं, त्याला थंडीताप आहे का?

असल्या टाकलेल्या होल्स्टरांचा एक खण इथे घरोघरी असतो. टॅकेटांकडे ओलीटाच्या टेबलक्लॉथांचा खण त्यांनी गिळला. काही तिने कामाला लावली. घोट्याच्या होल्स्टरमध्ये आता तिचे कपड्यांचे चिमटे असतात आणि काखेतलं आमच्या दोघांच्या मधल्या बुजगावण्याने घातलंय. त्याच्यावर ते हॉलिसपेक्षा शोभतं. कावळे आले नाहीत त्या वर्षी.

नातीसाठी नियम वेगळे. बसायचं डाव्या मांडीवर, कडेवर यायचं ते डाव्या. उजवी बाजू बंद. आणि एक काम तिला नेमून दिलेलं: पपॉचा शर्ट वर सरकून काळी मूठ डोकावली, तर ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, गुपचूप कानात सांगायचं आणि शर्ट खाली ओढायचा.

"का माहीत आहे?" हॉलिस तिला विचारायचा.

"कुणाला दिसता कामा नये."

"शाब्बास. आणि हात?"

"लावायचा नाही."

हे काम ती इतक्या निष्ठेने करायची की किराणा दुकानात, केस कापताना, कुणाच्या तरी अंत्यविधीला, कुठेही ती एकदम त्याच्या कानाशी जाऊन "पपॉ, तुझं दिसतंय" असं म्हणायची, ते दुकानभर ऐकू जायचं.

गेल्या उन्हाळ्यात अखेर त्याला जागा सापडली. घड्याळातले चार, म्हणजे उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे, पँटच्या आत. नवं होल्स्टर कडक प्लास्टिकचं होतं, त्याच्या पिस्तुलाच्या मापाचं. बसताना टोचत नाही, वाकताना वर येत नाही, गॅलिस वजन उचलतात. माणसाला चष्म्याचा योग्य नंबर सापडावा तसा हॉलिस खूश झाला. बसून दाखवलं, गाडीत शिरून दाखवलं, टोमॅटोत ओणवा होऊन दाखवलं.

"शेजारी, आहे की नाही तेच कळत नाही!"

होमकमिंगच्या रविवारी, म्हणजे गाव सोडून गेलेल्यांच्या चर्चमधल्या माहेरपणाच्या दिवशी, हे वाक्य त्याने सकाळपासून भेटेल त्याला ऐकवलं. शॉनाही आली होती, रात्रपाळी करून, डोळे सुजलेले. तिलाही ऐकवलं.

"आहे की नाही कळत नाही, हे चांगलं की वाईट, डॅडी?"

"तू तुझी कोंबडी खा."

झाडांखाली लांबच्या लांब टेबलं लागली होती. तळलेली कोंबडी, डुकराच्या चरबीत शिजवलेली फरसबी, मक्याचा पाव, मसाला भरलेली अंडी, पाच-सहा घरांची केळ्याची पुडिंगं आणि त्या घरांमधलं जुनं वैर. ब्रदर एल्डनचं प्रवचन माहेरवाशिणींना बघून नेहमीपेक्षा लांबलं होतं आणि हॉलिसने त्याआधी कॉफी बरीच प्यायली होती. प्रवचन संपल्याबरोबर तो आत गेला, बऱ्याच वेळाने हसतमुख बाहेर आला आणि पुडिंगच्या रांगेत माझ्यापुढे घुसला.

तेवढ्यात सिस्टर विलोडीन आली; आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांचे ब्रदर नि सिस्टर. ही बाई नव्वदीकडे झुकलेली, नजर अधू, पण मिठी अस्वलाची. एकदा याच बाईने उजवीकडून मिठी मारून, "ब्रदर हॉलिस, बायबल इथे ठेवतोस होय?" असं विचारलं होतं, आणि तेव्हापासूनच मिठीची बाजू ठरली. पण ऊन डोळ्यांवर आलं म्हणा, माहेरच्या गर्दीत भान सुटलं म्हणा, ती आली ती थेट उजवीकडून आणि दोन्ही हातांचा विळखा घालून त्याच्या कमरेशी बिलगली. एरवी हॉलिस झटकन फिरला असता. त्याच्या हातात पुडिंग होतं.

तिने गाल त्याच्या दंडावर टेकवला, हाताने कमर चाचपली आणि हसून म्हणाली, "अगं बाई! आज बायबलचं नुसतंच कव्हर आणलंस वाटतं? आतलं कुठाय?"

रांगेतले हसले. हॉलिसही हसला. तसंच हसत त्याने हात मागे नेला, चारच्या जागी. आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. मी त्याच्या शेजारीच होतो. मी ते पाहिलं.

होल्स्टर होतं. कडक प्लास्टिक, जसंच्या तसं, तेवढाच फुगवटा. आत काही नव्हतं.

प्रश्न गॅलिसचा होता. उभं राहून, बसून, वाकून, गाडीत शिरून, सगळं त्याने तपासलं होतं. एकच बैठक तपासली नव्हती. टॉयलेटमध्ये गॅलिस खांद्यावरून उतरवले की पिस्तुलासकट पँट धाडकन जमिनीवर जाते. म्हणून त्याने पिस्तूल आधी बाहेर काढून हात धुण्याच्या भांड्याशेजारच्या फळीवर ठेवलं. होल्स्टर पँटमध्ये तसंच राहिलं. आणि उठताना, गॅलिस चढवताना, ते आहे की नाही हे त्याला कळलंच नाही. तेच तर त्या होल्स्टरचं कौतुक होतं.

"चल माझ्याबरोबर," तो मला म्हणाला. ओठ हलले नाहीत. "पळू नकोस."

पळायचं का नाही ते मला लगेच कळलं. राखण पथकाचा मुख्य पळायला लागला, तर पथकातल्या सगळ्यांचे हात कमरेला जातील आणि कुणीतरी किंचाळेल. म्हणून आम्ही दोघं हातात पुडिंगच्या बशा घेऊन फेरफटका मारायला निघाल्यासारखे चर्चच्या दाराकडे निघालो. टेबलाशी ओलीटा अंडी वाढत होती.

"टिन्सली कुठाय?" हॉलिसने विचारलं, अगदी सहज.

"शू करायला गेली. एकटी. ममॉने सोबत यायचं नाही म्हणाली, आता ती मोठी झालीये."

हॉलिसच्या बशीतला चमचा वाजायला लागला. मी ती बशी त्याच्या हातातून घेतली.

पायऱ्यांवर ब्रदर एल्डनने अडवलं. "हॉलिस! तुझ्याच शोधात होतो. दुपारच्या गाण्यांच्या वेळी दारावर कोण थांबणार? आणि ओहायोहून आलेली ती मंडळी बघ, त्यांना तुझ्या बसच्या गोष्टी—"

"मी हागायला चाललोय, ब्रदर एल्डन."

पाद्री बाजूला झाला. हॉलिसच्या तोंडून चर्चच्या पायरीवर असा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण त्याहून झटपट रस्ता मोकळा करणारा शब्द मला अजून सुचलेला नाही.

आमच्या चर्चला टॉयलेट एकच, बायकांनाही आणि पुरुषांनाही, रविवारच्या शाळेच्या खोलीमागे. दार जुनं, बाहेर उघडणारं. आतून लोखंडी आकडा. उन्हाळ्यात लाकूड फुगतं आणि आकडा आवळून बसतो, मग आतलं माणूस बाहेर ठोकत राहतं आणि बाहेरचं कुणीतरी फटीतून चाकूचं पातं घालून आकडा वर उचलतं. हे दर उन्हाळ्यात होतं. पण आत कुणी दाराला रेललेलं असेल तर आकडा ताणतो, आणि मग तो काही केल्या उचलत नाही.

हॉलिसने दाराला कान लावला.

"टिन्सली?"

"इथे मी आहे!" आतून उत्तर आलं, इथे कुणी घुसू नये अशा सुरात.

"पपॉ आहे गं मी. झाली का तुझी शू?"

"केव्हाच. आकडा निघत नाहीये."

"असू दे. तू हात नको लावूस. कशालाच नको लावूस. बाळा, तुझे हात कुठे आहेत?"

"माझ्याजवळ."

हॉलिसने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि तिथून ठिपकत राहिला. आत सहा वर्षांची होऊ घातलेली पोर, आणि तिच्या हनुवटीएवढ्या उंचीच्या फळीवर भरलेलं पिस्तूल. तिला विचारावं, तर तिचं लक्ष तिकडे जाईल. न विचारावं, तर आत काय चाललंय ते कळायचं नाही.

"टिन्सली, ऐक. आपण ढोल वाजवू. दोन्ही हातांनी दारावर वाजव. दोन्ही हं. पपॉला दोन्ही हात ऐकू आले पाहिजेत."

"मोठ्याने?"

"अगदी मोठ्याने."

आणि आतून ढोल सुरू झाला. धडाड धडाड, दोन्ही हातांनी. हॉलिसने खिशातला चाकू काढला. चाकू उघडताना त्याच्या अंगठ्याला लागलं, रक्त आलं, त्याला कळलं नाही. पातं फटीत घातलं. आकडा घट्ट. ती वाजवताना दाराला रेललेली. ढोल थांबवला तर तिचे हात मोकळे होणार. न थांबवला तर दार उघडणार नाही.

"काय चाललंय इथे?"

मागे शॉना उभी होती. ओलीटाने पाठवलं असेल, किंवा ढोलाने बोलावलं असेल. दारात चाकू, हातभर रक्त, घामाने ओला बाप, आणि दोन्ही हातांत पुडिंगच्या बशा घेतलेला मी. मला वाटलं, हॉलिस आता काहीतरी जुळवेल. आकडा अडकला एवढं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझं पिस्तूल आत राहिलंय. फळीवर. भरलेलं आहे."

शॉना ओरडली नाही. तिचा चेहरा मात्र सरळ सपाट झाला, इस्पितळात जसा होत असेल तसा. ती गुडघ्यांवर बसली आणि तोंड दाराच्या फटीशी नेलं.

"टिन्सली, मम्मी आहे. किती मस्त वाजवतेस! आता मी सांगेन तेव्हा थांबायचं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. दारापासून एक पाऊल मागे. हात डोक्यावरच. कळलं?"

"मग काय बक्षीस?"

"मग पुडिंग. चालेल?"

"चालेल."

शॉनाने बापाकडे बघून मान हलवली. "थांब आता, टिन्सली."

ढोल थांबला.

बाहेर झाडांखाली लोक हसत होते, कुणीतरी पियानोवर काहीतरी चाचपत होतं, आणि इथे फटीत पातं आकड्याला लागून किरकिरत होतं. आकडा जरासा हलला.

"हात डोक्यावर आहेत ना, राणी?" शॉना म्हणाली.

आतून काही नाही.

"टिन्सली?"

"थांबा जरा," आतून आवाज आला, दारापासून लांबून. "त्याच्यावरचं पडलं."

शॉनाने हॉलिसच्या मनगटाखाली स्वतःचा हात लावला आणि दोघांनी मिळून पातं वर ढकललं. आकडा उडाला, दार उघडलं.

टिन्सली फळीसमोर उभी होती. एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात सिस्टर विलोडीनने विणलेली गुलाबी बाहुली. टॉयलेटच्या कागदाच्या जास्तीच्या गुंडाळीवर झाकायची असते ती, घेरदार लोकरीचा झगा घातलेली. ती बाहुली टिन्सलीने आमच्यासमोर पुन्हा जागेवर बसवली. फळीवर कागदी रुमालांचा ढीग, आणि त्या ढिगावर झगा पसरून गुलाबी बाई ऐटीत बसलेली. झग्याच्या कडेखालून काळ्या नळीचं टोक डोकावत होतं, दाराकडे रोखलेलं, जिथे ती इतका वेळ ढोल वाजवत होती.

शॉनाने तिला उचललं आणि ती बाहेर गेली, भिंतीपलीकडे. हॉलिसने बाहुली बाजूला केली, पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, आतली गोळी काढली, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. मग खाली बसला, तिथेच, टॉयलेटच्या झाकणावर.

बाहेर टिन्सलीचा आवाज येत होता. "मी हात नाही लावला, मम्मी. रुमालाने झाकलं नुसतं. पण ते दिसत होतं, म्हणून मग बाहुली ठेवली. पपॉ म्हणतो, कुणाला दिसता कामा नये. पपॉ, आता नाही ना दिसत?"

"नाही दिसत," हॉलिस आतून म्हणाला. "शाब्बास."

त्या दुपारी शॉना टिन्सलीला घेऊन नॉक्सव्हिलला गेली. गाडीत बॅग टाकताना ती एवढंच म्हणाली, "तू लगेच खरं सांगितलंस, म्हणून मी तुझ्याशी बोलतेय." हॉलिसने टिन्सलीच्या बाजूचा पट्टा लावला, मग वाकून सीटखाली बघितलं. काही राहिलंय का, ते. जुनी सवय. मग ब्रदर एल्डनकडे जाऊन पथक सोडलं आणि का सोडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, एकही शब्द न गाळता, सिस्टर विलोडीनच्या बाहुलीसकट. सिस्टर विलोडीन रडली. माझ्या हातातली पुडिंगं तोवर ऊन लागून पातळ झाली होती.

उरलेला उन्हाळा त्या घरात आवाज नव्हता. हॉलिस टोमॅटोत बसून राहायचा. एकदा म्हणाला, "शेजारी, बुजगावण्याला ते काखेतलं बरं बसलंय ना?" मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, "त्याला आत काही ठेवावं लागत नाही, म्हणून."

पानं पिवळी झाली तेव्हा शॉना आली. टिन्सलीला गाडीतून उतरू दिलं नाही. पडवीत उभी राहिली, पूर्वी उभी होती तिथेच, आणि मी पुन्हा टोमॅटोच्या पलीकडे होतो. टोमॅटो संपले होते, पण मी होतो.

"कुठाय?"

"तिजोरीत."

"किल्ली?"

हॉलिसने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. शॉनाने ती घेतली, आपल्या गाडीच्या किल्ल्यांत अडकवली, आत जाऊन स्वतःच्या हाताने तिजोरी ओढून बघितली आणि मगच गाडीचं दार उघडलं. "दुपारपुरती," ती म्हणाली. "किल्ली माझ्याबरोबर येणार. आज, आणि दर वेळी."

"बरं," हॉलिस म्हणाला. त्याने वाद घातला असता तर मला नवल वाटलं नसतं. इथल्या माणसाला हे सोपं नसतं. पण तो फक्त बरं म्हणाला.

टिन्सली उड्या मारत आली आणि नेहमीसारखी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन थांबली. दुसराही दात आता पडला होता. तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि त्याच्याभोवती फिरायला लागली. बेंबीवर बोट टोचलं, मग बाजूला, मग मागे, तिची तपासणी पूर्ण गोल झाली.

"पपॉ, तुझं दिसत नाहीये."

"नाहीच आहे गं आज."

"खरं?"

"चाचपून बघ."

तिने पुन्हा चाचपलं. मग हॉलिस पडवीतल्या खुर्चीत बसला, आणि ती उजवीकडून चढली, त्या मांडीवर, जिथे तिला कधी बसू दिलं नव्हतं. जरा इकडे सरकली, जरा तिकडे, जागा नवी होती. मग टेकली.

"टोचतंय का?" हॉलिसने विचारलं.

"तुझं गॅलिस टोचतंय," ती म्हणाली.

त्याने गॅलिस खांद्यावरून उतरवलं.